लिस्बन पायी पाहणारे काका

"शहर पायांना विचारायचं," असं म्हणून ते उजवा बूट काढायचे आणि त्याचा तळ आमच्या तोंडासमोर धरायचे. "ही झीज बघ. हे प्राग. हे इकडे, टाचेपाशी, लिस्बन." समोर श्रीखंडाचं भांडं असलं तरी त्यांना फरक पडत नसे.

अमेरिकेत, बॉस्टनजवळच्या श्रूजबरीत आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून हे काका राहायचे. मूळचे पुण्याचे, निवृत्त इंजिनिअर. असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. त्याच्या घरी जेवायला बोलावलं की आपण सबब शोधू लागतो, कारण जेवणानंतर टीव्हीवर फोटो असतात. काकांच्या फोटोंत दगडी रस्ते असायचे, कमानी असायच्या आणि त्यांची लांब सावली असायची. मध्येच कुणी "आम्ही पण मागच्या वर्षी स्वित्झर्लंड केलं" म्हणालं, तर काका हात झटकायचे.

"बसनं? मेंढ्या रे तुम्ही. उतरा, फोटो काढा, थेपले खा, चढा!"

हाच माणूस आमच्याकडे यायला गाडी काढायचा. चालत जेमतेम चार मिनिटांचं अंतर. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "इथं काय आहे बघण्यासारखं?" इतक्या वर्षांत त्यांना शेजारच्या घरात कोण राहतं हेही ठाऊक नव्हतं. मला हा माणूस मनापासून आवडत नव्हता, हे आधीच सांगून टाकतो.

तरीही आम्ही त्यांच्याबरोबर लिस्बनला गेलो, ते काकूंमुळे. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. त्यांनी माझ्या बायकोला, सुजाताला, फोन केला होता. "तुम्ही दोघं असलात तर मला सोबत होईल गं."

लिस्बन सगळं चढ-उताराचं. रस्त्यावर छोटे पांढरे दगड बसवलेले, पावलांनी घासून काचेसारखे गुळगुळीत झालेले. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांना आम्हाला एक चौक दाखवायचा होता. वीस वर्षांपूर्वी तिथल्या एका खानावळीच्या मालकानं त्यांना म्हटलं होतं, तुम्ही इथल्या माणसासारखे चालता. ही गोष्ट आम्ही किमान सहा वेळा ऐकलेली.

पहिल्या पायऱ्यांपाशीच काकू थबकल्या. काकांनी मागे न बघताच सांगितलं, "तू बस त्या बाकावर. आलोच आम्ही अर्ध्या तासात."

सुजाता म्हणाली, "मी थांबते काकूंजवळ."

"काही नको, तिला सवय आहे," काका म्हणाले. काकूंनीही मान हलवली. "जा गं तू. बघून ये."

आम्ही गेलो, याची मला अजून लाज वाटते.

चौक सापडला नाही. मी फोन काढला तर काका म्हणाले, "नकाशा घाबरटांसाठी असतो." एकाच कमानीखालून आम्ही तीनदा गेलो. एका गल्लीत शिरताना त्यांचा चेहरा उजळला आणि टोकाला पोचल्यावर पडला. खानावळीच्या जागी प्रवाशांना भाड्यानं द्यायच्या खोल्या झाल्या होत्या. वर खिडकीत एक म्हातारी कपडे वाळत घालत होती. काकांनी तिला इंग्रजीत, मोठ्यानं, जणू ती बहिरीच आहे अशा आवाजात विचारलं. तिनं खिडकी लावून घेतली.

"शहर बिघडलं," काका म्हणाले.

आम्ही परतलो तेव्हा तीन तास होऊन गेले होते आणि बाक रिकामा होता.

काकूंचा फोन हॉटेलवर राहिलेला. काकांनी आधी बाकाखाली वाकून पाहिलं. का, देव जाणे. मग कोपऱ्यावरच्या पोलिसाकडे धावले. तो शांत होता. त्यानं विचारलं, "अंगावर कपडे कोणते आहेत?"

काका म्हणाले, "साडी... नाही, ड्रेस. म्हणजे... इंडियन."

"रंग?"

ते सुजाताकडे बघायला लागले. "जांभळा कुर्ता, पांढरा स्वेटर," ती म्हणाली. "आणि केसांत मोठी काळी क्लिप." चाळीस वर्षांचा संसार या माणसाचा. मला त्यांची कीव यायला हवी होती. मला किळस आली.

पोलीस वायरलेसवर बोलत होता तेवढ्यात पिवळी ट्राम येऊन थांबली आणि काकू उतरल्या. हातात कागदाची पिशवी, गाल लाल झालेले.

"अहो, किती वेळ! बसून बसून कंटाळले. ट्राम आली, चढले. शेवटपर्यंत जाऊन परत आले." शेजारच्या सीटवर एक पोर्तुगीज आजी होती, तिचाही गुडघा कापलेला. "भाषा एकीची एकीला येईना. मग तिनं घागरा वर करून टाके दाखवले, मग मीही पायजमा वर केला! सगळी ट्राम हसायला लागली गं सुजाता. मग तिनं मला उतरवलं, हे खायला घेऊन दिलं आणि परतीच्या ट्राममध्ये बसवलं."

काकांनी विचारलं, "तिकीट कुठून काढलंस?"

एवढंच विचारलं त्यांनी.

परत आल्यावर महिन्याभरात त्यांच्याकडे जेवण झालं. दहा-बारा माणसं, टीव्हीवर लिस्बन. काका रंगात आले होते. "अरे, शेवटच्या स्टॉपपर्यंत गेलो ट्रामनं. शेजारी एक म्हातारी. भाषेचा गंध नाही. तिनं मला गुडघ्याचे टाके दाखवले, मी तिला माझा गुडघा दाखवला!" लोक खो-खो हसले. काकांच्या गुडघ्याला ओरखडासुद्धा नव्हता.

मी काकूंकडे पाहिलं. त्या कुणाला तरी भात वाढत होत्या. मी बोलणार एवढ्यात त्या माझ्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, "ताक घे रे." मी ताक घेतलं.

वसंतात काकूंनी दोन मैत्रिणींबरोबर व्हिएन्ना-बुडापेस्टच्या बस टूरमध्ये नाव घातलं. काका हे सांगताना हसत होते. "मी म्हटलं, मेंढी होणार का? तर म्हणते, हो, मला बसूनच बघायचंय."

टूरच्या त्या दहा दिवसांत एका संध्याकाळी सुजातानं दिलेला डबा घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. टीव्ही बंद होता. डबा हातात धरून काका तसेच उभे राहिले.

"तिचा फोन येतो. सगळं छान आहे म्हणते. पुढे काही सांगतच नाही. सुजाताला सांगते का काही?"

"रोज," मी म्हणालो. "दहा-दहा मिनिटं." त्यांना लागावं म्हणूनच म्हणालो.

"मग मला का नाही सांगत?"

"कारण काकूंसोबत घडलेलं तुम्ही स्वतःच्या नावावर सांगता, काका."

त्यांनी डब्याचं झाकण उघडलं, परत लावलं. मला वाटलं, आता चिडतील. "जेवून घेतो," एवढंच म्हणाले. मी निघून आलो. बाहेर आल्यावर बरं वाटेल असं वाटलं होतं. तसं वाटलं नाही.

आता ते दोघं टेक्सासात शुगर लँडला लेकीकडे असतात. घर विकलं. त्यांची आठवण येते म्हणालो तर खोटं होईल. त्यांच्या जागी आलेलं कुटुंब आमच्याकडे चालत येतं आणि जेवताना कुणी बूट काढत नाही.

पण काकू टूरवरून परतल्या त्या दिवशी त्यांना आणायला गाडी मी चालवत होतो. बॉस्टनच्या विमानतळापासून काका माझ्या शेजारी, काकू मागे. वॉटर टॅक्सीचा धक्का, जुना पूल, कुठलीशी गरम पाण्याची कुंडं, काकू सांगत होत्या. "तिथं पाण्यात बसून म्हातारे बुद्धिबळ खेळत होते. मी काठावर बसले. तर त्यातला एक मला खूण करून विचारतो, आता कुठला मोहरा हलवू..." आणि एवढं बोलून त्या सवयीनं थांबल्या. इथून पुढची गोष्ट नेहमी काका घ्यायचे.

हायवेवर दोन एक्झिट मागे गेल्या. काका समोर रस्त्याकडे बघत होते, दोन्ही हात मांडीवर. मग त्यांनी घसा साफ केला. मी दात आवळले.

"मग?" काका म्हणाले. "कुठला सांगितलास?"