आईचं गाणं उतरवलं तो दिवस

आज नागावच्या घरी जुना टेपरेकॉर्डर लावला आणि तापलेल्या यंत्राचा वास आला. आईच्या घशाच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बाबांनी याच्यावर तिचं गाणं उतरवून घेतलं होतं. एकच माईक, ना पेटी ना तबला. मागे वाडीतल्या झावळ्यांची सळसळ. मध्येच तिला ठसका लागला.

"पुसा हो ते, पुन्हा गाते," आई म्हणाली.

"राहू दे. तू गायलीस तसंच हवंय मला."

तेव्हा मला बाबांचा तो हट्ट वाटला. आज कळतं, ते घाबरले होते.

ऑपरेशननंतर आई बोलू लागली, पण गाणं गेलं ते गेलंच. बऱ्याच महिन्यांनी बाबांनी टेप लावली. तिने डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "बरी गायचे हो मी!"