हिंग, जिरं, मोहरी

परदेशात, ट्रुगानिना नावाच्या उपनगरात आमच्या शेजारी एक व्यावसायिक रग्बीपटू राहायचा. साडेसहा फुटांच्या वर, लॉक. म्हणजे घोळक्यात दुसऱ्या रांगेतून रेटा देणारा, आणि बाहेर गेलेला चेंडू आत फेकताना साथीदार मांड्यांना धरून ज्याला उंच उचलतात तो. रेटे देऊन देऊन त्याचे कान करंजीएवढे जाड झाले होते.

लॉकडाऊन लागला आणि सराव बंद पडला. त्याची तेहतिशी उलटलेली, मान दुखावलेली, आणि करार तेवढ्या मोसमापुरता. संघात दुसरा एक लॉक होता, दहा वर्षांनी लहान. क्लब दोघांपैकी एकालाच ठेवणार होता. हे त्यानं कुंपणावरून अगदी सहज सांगितलं. मलाच मेल्याची काळजी लागून राहिली.

मग रोज दुपारी चारला, दोन मीटिंगांच्या मधे, मी आमच्या अंगणातून चेंडू फेकायचो आणि तो पलीकडे उडी मारून झेलायचा. पहिल्या दिवशी मी सवयीनं गोलंदाजी केली. चेंडू त्याच्या छपरावर.

"दोन्ही हातांनी, मेट! हे क्रिकेट नाही."

चेंडू कुणाकडे जाणार ते लॉकच खुणेचा शब्द ओरडून ठरवतो. आता सामने प्रेक्षकांविना होणार, म्हणजे प्रत्येक शब्द समोरच्यांना लख्ख ऐकू जाणार. "तुमच्या भाषेतले दे ना काही," तो म्हणाला.

"शिव्या शिकवू नकोस हं त्याला!" बायको आतून ओरडली आणि स्वतःच मिसळणाचा डबा घेऊन बाहेर आली. ठरलं. हिंग म्हणजे पुढे, त्याला स्वतःला. जिरं म्हणजे मधे. मोहरी म्हणजे मागे, त्या दुसऱ्या लॉकला. महिनाभर आमच्या अंगणात नुसता हिंगच चालला, कारण झेलायला तो एकटाच होता.

पुढे संघ दुसऱ्या राज्यात खेळायला गेला. शेवटचा सामना आम्ही टीव्हीवर पाहिला. करार त्यावर ठरणार होता. शेवटचं मिनिट, दोन गुणांनी मागे, गोलरेषा समोर आणि फेक यांची. मी सोफ्यावरून उठलो. "हिंग म्हण रे बाबा," मी पुटपुटलो.

रिकाम्या मैदानात त्याचा आवाज घुमला. "मोहरी!"

चेंडू हातातून सुटायच्या आधीच मला कळलं होतं. त्या दुसऱ्यानं तो झेलून गोलरेषेपलीकडे टेकवला, संघ जिंकला आणि समालोचक त्याचंच नाव घेत राहिला. करारही त्यालाच मिळाला.

आमचा शेजारी घरी परतल्यावर मी त्याच्याशी भांडलोच. "हिंग का नाही म्हणालास?"

"तिघं माझ्यावरच टपले होते, मेट. मागे तो मोकळा होता."

मला त्याचा राग आला होता आणि त्याच्यावर जीवही जडला होता.

दुसऱ्या दिवशी चारला मी चेंडू घेऊन अंगणात गेलो. सराव कशाचा आता, तरी तो आला.

"हिंग!" मी ओरडलो, आणि दोन्ही हातांनी चेंडू त्याच्याकडे फेकला.