आल्बर्टने आणलेलं सिंक

आल्बर्ट नुसता उभा राहिला तरी थोडा हलतो. एकतीस वर्षं बोटीवर काढलेल्या माणसाच्या अंगातून समुद्र लवकर उतरत नाही. आरोंद्याला खाडीच्या अंगाला त्याचं घर आहे, माझ्या कुंपणाला लागून. मी विनीता, शाळेतून निवृत्त झालेली बाई. दुसऱ्यांच्या घरात नाक खुपसायला मला आता भरपूर वेळ आहे.

तो बोटीवर स्वयंपाकघरात कामाला होता. नऊ महिने पाण्यावर, दोन महिने घरी. त्या दोन महिन्यांत त्याची बायको सिसिलिया त्याला पाहुण्यासारखं वाढायची आणि तोही पाहुण्यासारखाच जेवायचा. या खेपेला मात्र त्याला येऊन आठ महिने झाले होते. दुपारी तो पडवीत खुर्ची टाकून खाडीकडे बघत बसे. भरतीचं पाणी चढत जाई, त्याच्यावरचे उन्हाचे कवडसे छपराच्या वाशांवर थरथरत राहत आणि आल्बर्टचे डोळे मिटत. वास्कोच्या एजंटाचा फोन येऊन गेला होता, आणखी एक कॉन्ट्रॅक्ट आहे, येतोस का म्हणून. आल्बर्टने हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. सिसिलिया त्याबद्दल चकार शब्द काढत नसे. पण त्या दिवसांत तिच्या कढीत मीठ कधी दुप्पट असायचं, कधी अजिबात नसायचं.

एकदा त्याने मला त्याचं स्वप्न सांगितलं. बोटीवरचं भलंमोठं सिंक, काठोकाठ भरलेलं. आत वाकून बघितलं तर तळाशी आमची खाडी, माड, त्याचं घर, आणि विहिरीकडच्या दगडावर उकिडवी बसून टोप घासणारी सिसिलिया, करंगळीएवढी. तो हाक मारतो, तिला ऐकू जात नाही. मग पाणी हळूहळू भोकातून जायला लागतं. घर जातं, माड जातात. तो हात घालून भोक शोधतो आणि ते काही सापडत नाही.

मी म्हटलं, "दुपारचां जेवान कमी कर."

पण त्याने ते स्वप्न मनावर घेतलं. सिसिलिया खरंच अजून त्या दगडावर बसून काथ्याने भांडी घासायची आणि उठताना विहिरीचा कठडा धरायची. आल्बर्टने ठरवलं, सिंक आणायचं. मंगेश प्लंबरला बोलावून त्याने ओटाही नव्याने बांधून घेतला, चांगला उंच, पाठ वाकू नये म्हणून. खिडकी खाडीकडे, तिच्याखालीच सिंकची जागा.

सावंतवाडीला मीही गेले, माझं बँकेत काम होतं. दुकानात सिंक भिंतीला टेकवून ओळीने उभी होती आणि प्रत्येकात एक अंधुक आल्बर्ट हलत होता. दोन खणांचं त्याला नको होतं. एकच खण हवा, टोप आणि मोठी पसरट कायल आडवी बसेल असा. दुकानदार म्हणाला, "भोक मधे असलेलंच जास्त चालतं."

"मदी नको. मोठो टोप ठेवलो काय भोक बंद, मगे पाणी खंय जातला? पाठच्या कोपऱ्यात होया."

दुकानदाराने आतून तसं काढून आणलं. आल्बर्टने डोळे मिटले, हात कोपरापर्यंत आत घातला आणि बोटांनी कोपऱ्यातलं भोक चाचपून पाहिलं. चेहऱ्यावर असं समाधान, की मला हसू आलं.

"सिसिलियाक इचारलंस?" मी विचारलं.

"तिका काय इचारूचा? ह्या एकदा बसलां काय तिची सोय जाली. मगे मी आनी एक कॉन्ट्रॅक्ट मारून येतंय."

म्हणजे हे निरोपाचं सिंक होतं. मला त्याचा असा राग आला की परतीच्या वाटेत मी त्याच्याशी एक अक्षर बोलले नाही. त्याला ते कळलंसुद्धा नाही. तो सिंक मांडीवर घेऊन बाहेर बघत होता.

मंगेशने दोन दिवसांत ते बसवलं. पहिल्या दिवशी सिसिलियाने बांगडे धुतले, तेव्हा मी आणि मंगेश तिथेच होतो. खिडकीतून खाडीचा उजेड पाण्यात उतरला होता, बघत राहावं असा. मग भोकावरच्या जाळीत खवले अडकले आणि पाणी तुंबलं. सिसिलिया पाच फुटांनाही दोन बोटं कमी. तिने टाचा उचलल्या, छाती ओट्याला टेकवली, हात लांब केला. जाळी वीतभर लांबच राहिली.

"आल्बर्ट, माझो हात पोचणा नाय," ती म्हणाली.

आल्बर्टचा चेहरा उतरला. सगळं माप त्याने आपल्या हातावर घेतलं होतं. मंगेश म्हणाला, "बाय, बदलून हाडूया. भोक म्होरल्या बाजूक असलेलां गावता."

"नको. रवांदे हेच."

"मगे जाळी कोण काढतलो?" आल्बर्टने विचारलं.

"तू."

"आनी मी बोटीवर गेलंय तर?"

सिसिलियाने हात पदराला पुसले. "तू दर खेपेक माका चपला हाडलंस. एकव जोड माझ्या पायाक बसूक नाय. सगळे वाटून टाकले. तुका कधी सांगूक नाय. दोन म्हयन्यांनी तू जातलस, कित्याक तुझा मन मोडूचा? आता सांगतंय. माका तू हयसर, घरात होयो."

मी माझे पाय हळूच मागे घेतले. त्यातला एक जोड माझ्याच पायात होता.

आल्बर्टने बाही वर केली, जाळी काढली, खवले माडाच्या आळ्यात टाकून आला. मग पडवीत जाऊन त्याने एजंटाला फोन लावला. येत नाही, एवढंच सांगितलं, दोनदा सांगितलं, कारण पलीकडच्याला पटत नव्हतं. माझे डोळे भरून आले आणि मंगेश बघतोय म्हणून मी उगाच नळाकडे बघत राहिले.

आल्बर्ट परत आला तो दारातच थांबला. चौकटीला हात लावून उभा होता, थोडा हलत.

"तुझ्या पायाचो नंबर कितको गो?"

"चार," सिसिलिया म्हणाली.