नास्तिकाची सवत

बाईला सवत असते. पुरुषाच्या वाट्याला असलं काही आलं तर त्याला मराठीत शब्दच नाही, आणि त्यामुळं आकाराम चौगुल्याची मोठी पंचाईत झाली होती. त्याच्या बायकोचा जीव ज्याच्यावर जडला होता तो डोंगरावर राहत होता, आणि आकारामच्या मते तो मुळात नव्हताच.

आकाराम कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका कारखान्यात लेथवर होता. बाप पक्का सत्यशोधक. आकारामचं लग्नही भटजीशिवाय लागलं होतं आणि घरात देव्हारा नको ही त्याची अट बायडाबाईनं पहिल्या दिवसापासून पाळली होती. फक्त दर रविवारी ती नारळ घेऊन जोतिबाच्या एस.टी.त बसायची. आकारामनं कधी आडकाठी केली नाही. नास्तिक असला तरी माणूस चांगला होता.

त्याचं मागणं एकच होतं. बायडाबाईनं त्याला नावानं हाक मारावी. नवराबायको बरोबरीची असतात असं तो तालमीच्या कट्ट्यावर तावातावानं सांगायचा, आणि घरी आला की बायको म्हणायची, "अवो, हातपाय धुवा." चौऱ्याहत्तर सालापर्यंत लग्नाला बावीस वर्षं झाली, पण नाव काही तिच्या तोंडातून निघालं नाही. नाव तर सोडाच, नावासारखा वाटणारा आकडासुद्धा ती टाळायची. अंडी मोजताना दहा, मग "दहावर एक", मग बारा. रेशनच्या कचेरीत कारकुनानं नवऱ्याचं नाव विचारलं तर शेजारच्या झुंबरबाईला पुढं ढकलायची.

त्याच झुंबरबाईनं एके दिवशी काडी टाकली. ती बायडाबाईबरोबर डोंगरावर जाऊन आली होती. आकारामला दारात बघून म्हणाली, "काय पण नाव घेतीया तुमचं देवापुढं! ऐकत ऱ्हावं असं."

आकारामच्या अंगाचा तिळपापड झाला. बावीस वर्षं ज्याच्यासाठी तो झुरला ते त्या दगडाला फुकटात मिळत होतं. दगड ना नोकरी करत होता, ना पगार आणत होता, ना बायको आजारी पडली तर भाकऱ्या थापत होता. आकारामनं थापल्या होत्या, वाकड्यातिकड्या का होईना.

कारखान्यात शेजारच्या लेथवर गुंडू होता. आकारामची धुसफूस ऐकून त्याला राहवलं नाही. "आकाराम, त्यो हायच न्हाय म्हणतोस, आन् त्याच्यावरच जळतोस व्हय रं?"

"हायच न्हाय त्यो!"

"मग जळतंय कशापाय?"

आकारामची सुट्टी सोमवारी असायची. त्यानं पुढच्या रविवारची रजा टाकली.

बायडाबाईची गाडी सुटल्यावर तो पुढच्या गाडीनं गेला. जन्मात पहिल्यांदा गाडीतळावरून जोतिबाच्या देवळाकडं पायऱ्या उतरला. कुणीतरी "चांगभलं" म्हणून त्याच्या टोपीवर गुलाल टाकला, तोही त्यानं मुकाट्यानं सोसला. देवळात शिरून खांबाआड उभा राहिला. बायकांच्या रांगेत बायडाबाई दिसली. तिनं गुरवाच्या हातात नारळ दिला, डोकं टेकलं आणि घरातल्या माणसाशी बोलावं तशी बोलू लागली.

"आकारामचा खोकला ऱ्हाईना झालाय बघ. आकाराम कुनाचं ऐकत न्हाई, तुलाबी मानत न्हाई. त्याच्यावर राग धरू नगंस. माझ्या आकारामला सांभाळ."

घरात 'तुम्ही', आणि इथं 'त्यो'! शिवाय 'माझ्या'! आकारामला वाटलं, दोन ढांगांत पुढं व्हावं आणि त्या मूर्तीच्या आणि तिच्या मधे उभं राहून सांगावं, की बाई, आकाराम हा मी आहे, त्याला काय सांगतेस? त्याला इतका हेवा आजवर कुठल्या जित्या माणसाचा वाटला नव्हता.

बाहेर दीपमाळेजवळ त्यानं तिला गाठलं. ती दचकली. "तुमी? ऐकलासा व्हय?"

"समदं ऐकलं. त्याच्यापुढं नाव घेतीस आन् माझ्यापुढं न्हाई. मी काय पाप केलंय?"

बायडाबाईचा चेहरा पडला. "नवऱ्याचं नाव बायकोच्या तोंडनं त्याच्या कानावर पडलं की त्याचं आयुष्य कमी हुतंय. देवाच्या कानावर पडलं की वाढतंय. माझ्या आयनं सांगितलंय."

"थोतांड हाय त्ये! मी मानत न्हाई. आन् झालं कमी तर होऊ दे की. पाच वर्षं घे माझी. एकदा म्हण."

शेजारून लोक जात होते. बायडाबाईनं पदर तोंडाला लावला. आकारामला वाटलं, आता म्हणणार. पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"तुमी मानत न्हाईसा, पर मी मानती की. आन् ती पाच वर्षं तुमची एकट्याची हाईत व्हय? पाच वर्षं आधी रांडाव हुनार ती मीच न्हवं?"

वादात कधी न हरणारा आकाराम इथं हरला. बावीस वर्षं ज्याला तो तिचा अडाणीपणा समजत होता, त्यात ती त्याचं आयुष्य राखत बसली होती. हे कळलं म्हणून मत्सर कमी झाला म्हणावं तर तसंही नाही. उलट तिचं इतकं सगळं ऐकणारा तिसराच कुणी होता, हे जास्तच टोचायला लागलं.

"परत माझ्या मागं येऊ नगासा," बायडाबाईनं बजावलं.

आकारामनं शब्द पाळला. मागं गेला नाही. पुढच्या रविवारी तिच्या आधीच्या गाडीनं गेला. मग त्यानं कारखान्यात एकाशी अदलाबदल करून सुट्टीच रविवारची घेतली. चौगुल्या देवाला लागला म्हणून कट्ट्यावर हशा पिकला, तोही त्यानं गिळला. देवळात त्यानं हात कधी जोडले नाहीत, मूर्तीकडं धड बघितलंही नाही. खांबाआड श्वास रोखून उभा राहायचा, आणि तिच्या तोंडून "आकाराम" निघालं रे निघालं, की देवाच्या आधी आपण मनातल्या मनात "ओ" द्यायचा.