मघातला पाऊस

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही, ती गेली तेव्हाही पोटातच ठेवलं. आता तुम्ही समोर बसला आहात असं धरून चालतो आणि बोलतो. फक्त मध्ये उठू नका. एकदा थांबलो तर पुन्हा तोंड उघडायचा नाही मी; माझा स्वभाव मला ठाऊक आहे.

मी शाळामास्तर. कर्जत आणि खालापूर तालुक्यांच्या हद्दीवर, डोंगराच्या कुशीतल्या एका गावात माझी एकशिक्षकी शाळा होती. गावाचं नाव सांगत नाही. गावाचा काय दोष? एसटी फाट्यावर सोडायची, पुढे पाऊण तास पायपीट. मी राहायला कर्जतला, शाळा अकराची. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मग सरकारी माणसांनी शाळेच्या आवारात तो डबा आणून पुरला आणि त्याच्या नोंदी माझ्या गळ्यात घातल्या.

पावसाचा डबा, गावातले लोक त्याला तसंच म्हणायचे. वर नरसाळं, आत बाटली. बाटलीतलं पाणी काचेच्या मापात ओतायचं, रेघ बघायची, वहीत आकडा लिहायचा. रोज सकाळी साडेआठला. दिवस कोरडा गेला तरी यायचं आणि शून्य लिहायचं. झालं काम. सांगा, यात अवघड काय होतं?

पण साडेआठला पोचायचं तर अंधारात उठा, पहिली एसटी धरा, गुडघाभर चिखल तुडवा. पहिले दोन महिने गेलो मी, खोटं नाही बोलत. — बघा, 'खोटं नाही बोलत' म्हणतोय! जिभेला हाड नसतं ते असं. दोन महिने गेलो आणि कंटाळलो. आजारपण नव्हतं, घरात अडचण नव्हती. नुसता कंटाळा. कर्जतच्या एका कचेरीत तसाच डबा होता, तिथल्या शिपायाशी माझी ओळख. महिनाअखेरीला त्याची वही घ्यायची आणि चहा पीतपीत आकडे उतरवून काढायचे. जसेच्या तसे नाही हं! मास्तर होतो, नक्कल कशी पकडतात ते मला कुणी शिकवायला नको. तिथे पंचेचाळीस, तर आमच्याकडे एकेचाळीस. तिथे सात, तर आमच्याकडे नऊ. ढग तोच, डोंगर तोच, फरक पडून पडणार किती? आणि याच हातानं मी गणितं उतरवणाऱ्या पोरांना छड्या मारत होतो.

अशी चार-पाच वर्षं गेली. शाळा गावाबाहेर, अकराच्या आत तिकडे कुणी फिरकत नसे; कुणी विचारलं नाही.

आता राघोचं सांगतो. राघो गायकवाड. ओढ्यापलीकडे बौद्धांची वस्ती, तिथला. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. मी संध्याकाळी मोठ्या माणसांचा वर्ग घ्यायचो, त्यात पहिल्या दिवशी येऊन बसला आणि शेवटपर्यंत टिकला तो एकटाच. वहीवर असा ओणवा व्हायचा की नाक कागदाला लागेल. "गुरुजी, बोललेलं वाऱ्यावर जातं, लिवल्यालं ऱ्हातं," म्हणायचा. माझ्या मनात यायचं, वेडा आहे. पण बरं वाटायचं, हेही खरं.

देशावर मोठा दुष्काळ पडून गेला, त्यानंतरच्या वर्षांतली गोष्ट. लहान तलाव बांधायची योजना आली. आमच्या भागात पाऊस धो धो. नुसती बेरीज पाहिली तर इथे दुष्काळ कुणाला दिसणार? पण योजना करणारा माणूस शहाणा होता. त्यानं बेरीज बाजूला ठेवली आणि पावसाळ्यातले कोरडे आठवडे मोजायला सांगितले. भात पोटरीत, लोंबी बाहेर पडायच्या बेतात असताना पाण्यानं दगा दिला तर वर्ष गेलं. म्हणून ज्या गावाच्या वहीत कोरडे आठवडे जास्त, तलाव त्या गावाला. किती साधं, किती बरोबर! फक्त वही खरी हवी.

त्या वर्षी मघा नक्षत्र आमच्याकडे पुरं कोरडं गेलं. कर्जतला सरी येत होत्या, आमच्या डोंगराआड टिपूस नाही. खाचरांना भेगा पडल्या, भाताचे दाणे पोचट निघाले. गावानं देव पाण्यात घातला — अगदी खरोखर, महादेवाच्या गाभाऱ्यात घागरी ओतून पिंड बुडवली. वस्तीवाले त्यात नव्हते. तो देव त्यांनी सोडला होता. त्यांनी अर्ज लिहिला. राघोनं स्वतःच्या हातानं, वळणदार अक्षरात. ओढा वरच्या अंगाला अडवला तर वस्तीला उन्हाळ्यातही पाणी पुरेल, आमच्या बायकांचं दरीत उतरणं थांबेल. मी त्यातलं शुद्धलेखन तपासून दिलं. हो, मीच.

दिवाळी झाल्यावर ओव्हरसिअर चावडीवर आला. यादी वाचली. कळंबकडच्या एका गावाला तलाव, आणखी दोन-तीन गावांची नावं. आमचं नाव नाही. आमच्या गावात कोरडा आठवडा एकही नव्हता, म्हणाला. चावडीत एकच गलका झाला. "अवो सायेब, मघा पुऱ्या कोरड्या गेल्या! देव पाण्यात घातला आमी!" त्यानं देव पाण्यात घातल्याचा दिवस विचारला, वही उघडली, बोट ठेवलं. त्या दिवशी बावीस मिलिमीटर.

ओव्हरसिअर माझ्याकडे वळला. "गुरुजी, नोंदी तुम्हीच घेता ना?"

इथं — इथं थांबतो जरा.

एक शब्द पुरला असता. नोकरी गेली असती? कदाचित. निदान बदली, चौकशी, चारचौघांत शोभा. ते सगळं क्षणात डोळ्यांपुढून गेलं, आणि मी म्हटलं, "हो. रोज साडेआठला."

लोक माझ्या अंगावर आले असते. यायला हवे होते. पण राघो उठला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही त्यानं, लोकांकडे वळला. "बसा रं," म्हणाला. "गुरुजींनी लिवलंय. लिवल्यालं खोटं कसं आसंल? आमीच चुकलो आसू."

आणि सगळे बसले. स्वतःच्या करपलेल्या भातापेक्षा माझ्या वहीवर विश्वास ठेवून बसले. कुंपणानंच शेत खावं, आणि शेतानं म्हणावं की नाही हो, आपल्यालाच नीट दिसलं नसेल?

त्या उन्हाळ्यात राघोची बायको, चंद्राबाई, दरीतल्या झऱ्यावरून येताना डोक्यावरच्या दोन हंड्यांसकट घसरली. खुब्याचं हाड मोडलं. जोडलं गेलं, पण वाकडं. मी बघायला गेलो नाही. शाळेची तपासणी आहे म्हणून सांगितलं. तपासणी नव्हती.

मग काय केलं मी? गावात खोली घेतली आणि रोज साडेआठला डब्यापाशी उभा राहू लागलो. खरे आकडे लिहू लागलो. यादी लागून गेल्यावर! राघो रोज शेजारी येऊन उभा राहायचा. मी टरकलो, म्हटलं याला संशय आला. कसला संशय? एके दिवशी म्हणाला, "गुरुजी, ह्ये माप कसं वाचायचं त्ये शिकवा की. पुन्यांदा चूक नको व्हायला." मी शिकवलं. रेघ डोळ्यासमोर कशी धरायची, पाण्याचा खोलगट भाग कुठे बघायचा, सगळं. पुढे माझी बदली खालापूरला झाली तेव्हा डब्याचं काम त्याच्याकडेच आलं. तलाव मात्र आला नाही. योजना संपली होती.

निवृत्त झाल्यावर कळलं, राघो गेला. या वेळी गेलो मी. चंद्राबाई भिंतीला धरून, पाय ओढत बाहेर आली. मला बघून तिला आनंद झाला हो, खरंच आनंद झाला. तिनं फळीवरून एक वही काढून माझ्या हातात दिली. "बगा गुरुजी, तुमी शिकवल्यालं. एक दिस चुकवला नाय त्यांनी. अंगात ताप असला तरी जायचे."

वही उलटत गेलो. पानोपानी आकडे. कोरड्या दिवसांची शून्यं किती गोल, किती काळजीनं काढलेली. मग पहिल्या पानावर आलो. तिथं आकडा नव्हता, दोन ओळी होत्या. ते चावडीचं वर्ष घातलेलं, आणि खाली:

'मघात पाऊस पडला. आमाला दिसला नाय.'

चंद्राबाई माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला वाचता येत नव्हतं. "बरोबर लिवलंय का वो?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "बरोबर आहे."

तिनं वही पदरानं पुसली आणि परत फळीवर, बुद्धाच्या तसबिरीशेजारी ठेवली.