तालीम न केलेला पाठ

आमच्या केंद्रातल्या शाळांचे शिक्षक महिन्याला एकत्र बसतात, ती केंद्र परिषद. तिथला नमुना पाठ बहुतेक वेळा माझ्याकडे. अठरा वर्षं देते आहे. आधी दोन दिवस तालीम होते. मुलांना उत्तरं पाठ असतात. गेल्या वेळी मी प्रश्न विचारायच्या आतच गणेशनं उत्तर दिलं. टाळ्या तरीही पडल्या.

"बाई, तुमची पोरं मनातलं वळखत्यात," कांबळे सर म्हणाले. ते माझ्याच शाळेत. नोकरीचं तिसरं वर्ष. मिरजेजवळच्या मगदूम सरांच्या शाळेचं त्यांनीच सांगितलं: तिथं शिक्षक एकमेकांचे वर्ग बघून शिकतात. पुढचा नमुना पाठही माझाच होता, आणि तो गणेशच्या उत्तरासारखा पाठ केलेला नको होता. दोघांनी दोन दिवसांची किरकोळ रजा टाकली.

मेढ्याहून पहाटेची एसटी, साताऱ्यात गाडी बदलायची, मग कराड, पेठ नाका, सांगली. बायकांना अर्धं तिकीट. कराडला चहा घ्या, वडा टाळा. पुढं दोन्ही बाजूंना ऊस. सांगलीहून रिक्षा. अकराला शाळेत.

"आवं बाई, बघायला आलाय व्हय?" मगदूम सर म्हणाले. "हितं पाहुणा नुसता बघत न्हाई. शिकवायचं."

नियम एकच. बघणाऱ्यानं एका मुलाशेजारी बसायचं. शिक्षकाकडे बघायचं नाही. मूल काय करतं तेवढंच लिहायचं.

मी चौथीला अपूर्णांक घेतले. कांबळे सर वही घेऊन एका मुलीशेजारी बसले. फळ्यावर भाकरी काढली. तीन भाग, चार भाग.

"समजलं का?"

"होऽऽ!"

पाठ रंगला असं मला वाटलं.

मुक्काम मगदूम सरांकडे. घर जैन. दिवस मावळायच्या आत जेवण. भाकरी, मुगाची आमटी. पानावरच वह्या उघडल्या. कांबळे सरांनी आपली तेवढी मिटलेलीच ठेवली.

"वाचा की गड्या."

"बाई मोठ्या हायेत, सर."

"म्हणूनच वाचा."

त्यांनी खाली बघून वाचलं. "कावेरी. चार वेळा 'हो' म्हणाली. पाटीवर लिहिलं, एक चतुर्थांश मोठा, कारण तिनापेक्षा चार मोठे."

माझ्या वर्गात अशा किती जणी 'हो' म्हणाल्या असतील.

"उद्या त्योच पाठ परत घ्या," मगदूम सर म्हणाले. "आमी बी तसंच करतोय."

दुसऱ्या दिवशी कागदाच्या भाकऱ्या आणि कात्र्या दिल्या. एका भाकरीला तीन वाटेकरी, दुसरीला चार. मग मी गप्प बसले. हेच अवघड होतं. कावेरीनं तुकड्यावर तुकडा ठेवून पाहिला.

"आवं बाई, वाटंकरी वाढलं की तुकडा बारीक हुतोय!"

कांबळे सरांनी नियम मोडून माझ्याकडे पाहिलं.

तुम्ही जाणार असाल तर आधी विचारा, शाळेच्या दिवशी जा, आणि सोबत एक पाठ न्या. येताना सांगलीचं भडंग घ्या. आमचं कराडपर्यंतही पुरलं नाही. कराडनंतर कांबळे सर खिडकीशी झोपले. मला त्यांचा अभिमान वाटत होता. मोठ्या बाईला त्यांनी खरं वाचून दाखवलं होतं.

पुढच्या आठवड्यात परिषद. "बाई, तालीम कवा?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"या वेळी नाही."

शिक्षकांना मुलांशेजारी जमिनीवर बसवलं. गणेश दोनदा चुकला, एकदा मी. पाठ संपला. टाळ्या पडल्या नाहीत. सगळे अजून लिहीत होते.