शासनाचे गोत्र

आमचा ट्रक गावाबाहेर पडला तेव्हा धरणाचे पाणी मारुतीच्या पारापर्यंत आले होते. सरकारी जीपवरचा कर्णा ‘लवकर निघा’ असे बजावत होता आणि मी सामानावर बसून पत्नीचा हात घट्ट धरला होता. बालपण वेदपाठशाळेत गेलेल्या मला त्या क्षणी भयाने गायत्रीदेखील आठवेना. नव्वदीच्या दशकातली ती सकाळ. नाशिकच्या पश्चिमेकडील डोंगरातले आपले गाव त्या दिवशी विखुरले. तुम्ही काहीजण नव्या गावठाणात गेलात, काहीजण माझ्यासारखे नाशकात आलात. दोघांनाही हे लिहितो आहे.

धरणाचे भूमिपूजन मी सांगावे असे ठरले होते. त्यापूर्वी धरणाच्या कामावरच्या सरकारी साहेबांनी पारावर शब्द दिला होता, की नव्या गावठाणात पाणी आल्यावाचून एकही घर हलवणार नाही. त्या शब्दावरच आपण जमिनी दिल्या. म्हणून तो शब्द संकल्पात घालावा, असे मी मनाशी योजले. हातात उदक घेऊन, स्वतःचे नाव व गोत्र उच्चारून माणूस देवापुढे स्वतःला बांधून घेतो, तो संकल्प.

“यजमानांचे नाव, गोत्र?” मी विचारले.

“शासन म्हणा, गुरुजी,” साहेब म्हणाले.

“आणि शासनाचे गोत्र?”

मागून आपला काशिनाथ ओरडला, “सरकारला ना आई ना बाप, गुरुजी! गोत्र कुठलं इचारता?” सारे हसले, मग पोलिसांच्या गाडीकडे लक्ष गेले आणि हसणे विरले.

“गोत्र ठाऊक नसल्यास काश्यप म्हणतात,” मी म्हणालो. “पण नाव हवेच. नाव नसेल तर शब्द कोणाचा?”

साहेबांच्या तळहातावरचे पाणी थरथरले. ते माझ्या कानाशी वाकले. “माझं नाव नका घेऊ, गुरुजी. उद्या वरून हुकूम फिरला तर मी काय करणार? मलाही पोरंबाळं आहेत.”

पोलिसांचे भय मला होतेच; पण त्या थरथरीने मी अधिक भ्यालो. माझे वडील म्हणत, “राजाने पिकाचा सहावा भाग घ्यावा आणि अभय द्यावे.” इथे तर अभय देणाराच भ्यालेला होता. मी पळी खाली ठेवली. साहेबांनी नुसता नारळ फोडला आणि काम सुरू झाले.

पुढे त्यांची बदली झाली. नव्या साहेबांना तो शब्द ठाऊकच नव्हता. गावठाणात नळाच्या आधी माणसे पोहोचली.

आता नाशकात माझा टू-बीएचके फ्लॅट आहे. घरपट्टी वेळेवर भरतो, मतदान चुकवत नाही. या शहरात कितीतरी जणांच्या वास्तुशांती मी सांगितल्या; स्वतःच्या घराची मात्र अद्याप केली नाही. ‘येथे आम्ही सुखाने राहू’ असे म्हणत उदक सोडायचे, तर हात पुढे होत नाही. सोसायटीच्या फाटकाशी सरकारी जीप थांबली, तरी मी खिडकीतून मागे सरतो.

अक्षय्य तृतीयेला पत्नीने पुन्हा विषय काढला. “अहो, आता कशाला भ्यायचं? हे घर आपलं आहे.”

मी म्हणालो, “गावही आपलेच होते.”